कारणाचा रकाना

दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोनवर पहिलाच प्रश्न विचारला, "गुन्हेगार चेहऱ्यावरून ओळखू येतो का हो?" मी म्हटलं, येतो. कोर्टाच्या व्हरांड्यात बाक रिकामं असतानाही जो उभाच राहतो, त्याला शिपायापासून वकिलापर्यंत सगळे ओळखतात. ते हसले आणि म्हणाले, असंच काहीतरी लिहा, वाचकांना आवडेल. लिहिते आहे, पण आवडेल याची हमी देत नाही.

मी तंजावूर जिल्ह्यात सव्वीस वर्षं परिवीक्षा अधिकारी होते. दोन वर्षांपूर्वी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. आमच्या घरची मराठी बोलण्यापुरती. देवनागरी मला वडिलांनी हट्टानं शिकवली, म्हणून हे लिहू शकते. पुढे जी माणसं बोलतील ती तमिळमध्ये बोलली होती. त्यांचं मराठी मी केलं आहे.

आधी काम काय ते सांगते, कारण आमच्या नातेवाइकांनाही ते कधी कळलं नाही. एखाद्याचा गुन्हा सिद्ध झाला, पण तो फार मोठा नसला आणि पहिलाच असला, तर त्याला तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडायची सोय कायद्यात आहे. सोडायचं का, हे ठरवण्याआधी न्यायाधीश परिवीक्षा अधिकाऱ्याला सांगतात, हा माणूस कोण आहे ते बघून या. मग मी त्याच्या घरी जायची. घरचे, शेजारी, मालक, शाळेतले मास्तर, रेशन दुकानदार, सगळ्यांशी बोलायची आणि चार पानांचा अहवाल लिहायची. तो लखोट्यात बंद करून, वर 'गोपनीय' लिहून कोर्टात द्यायची. थोडक्यात, गुन्हा झाला की नाही यावर वकील पंख्याखाली भांडत, आणि तो का झाला हे शोधायला मी टाउन बसनं जात असे.

नोकरीच्या सुरुवातीला आम्हाला प्रशिक्षण होतं. एका प्राध्यापकांनी गुन्ह्याच्या कारणांवर एक अख्खा दिवस घेतला. सकाळी शरीर. पूर्वी युरोपात एका डॉक्टरानं कैद्यांची डोकी मोजली होती आणि जबडा, कपाळ, कानाच्या चिकटलेल्या पाळ्या यांवरून माणूस जन्मजात गुन्हेगार असल्याचं ठरवलं होतं. ते खोटं ठरल्यावर लोक गुणसूत्रांकडे वळले, मग मेंदूकडे. दुपारी समाज: गरिबी, वस्ती, संगत, दारू पिणारा बाप. मी दोन रंगांच्या शाईनं टिपणं काढली, कारण मी याद्या करणारी बाई आहे. जेवणाच्या सुट्टीत आम्ही एकमेकांचे कान तपासले. पाळ्या चिकटलेल्या निघाल्या त्या खुद्द प्राध्यापकांच्या. माझी मैत्रीण त्यांना म्हणाली, "सार, तुम्ही जरा सांभाळून राहा." दुपारभर ते शिकवता शिकवता कानाला हात लावून बघत होते.

नोकरीत कळलं की कारण शोधावं लागत नाही. प्रत्येकाकडे ते तयार असतं.

पापनाशमच्या एका निवृत्त बस मेकॅनिकचं प्रकरण माझ्याकडे आलं. स्टँडवर उभी असलेली बस त्यानं भर दुपारी चालवत नेली, वाटेतल्या प्रत्येक थांब्यावर थांबवली आणि परत आणून जागेवर लावली. आत बसलेल्या प्रवाशांना काही वेगळं वाटलंच नाही. मुलगा मला म्हणाला, आई गेल्यापासून अप्पांचं डोकं ठिकाणावर नाही. शेजारी म्हणाले, त्यांचे काकाही असेच होते, घराण्यातच आहे. डेपोतले म्हणाले, त्याला कुणीतरी भरीस घातलं असणार. शेवटी मी त्यालाच विचारलं.

"क्लचचा आवाज बरोबर नव्हता, अम्मा. दोन दिवस बाहेर बसून ऐकत होतो. सांगितलं तर कुणी मनावर घेईना. चालवल्याशिवाय कसं कळणार?"

"मग थांब्यांवर का थांबलात?"

"लोक उभे होते."

मी अहवालात ते तसंच लिहिलं. न्यायाधीशांनी त्याला सोडलं, आणि क्लच तपासला का, असं डेपोच्या वकिलाला विचारलं. तपासला नव्हता.

अशी प्रकरणं सांगायला बरी वाटतात. माझा राग वेगळ्याच प्रकरणांवर आहे. एकदा मी एकाच दिवशी दोन घरं केली. सकाळी डॉक्टरांचा बंगला. त्यांच्या मुलानं भरधाव गाडी सायकलवरच्या मुलीला ठोकली होती, तिचा पाय मोडला होता. शेजारी म्हणाले, मुलगा फार सालस, परीक्षेचं दडपण होतं हो. मलाही तिथे वाटी-पेल्यातून कॉफी मिळाली. दुपारी कालव्याकाठची वस्ती. तिथल्या मुलानं कुणाचातरी मोबाइल उचलला होता. त्याच्याबद्दल रेशन दुकानदार, तोंडातलं पानही न काढता, म्हणाला, "ती जातच तशी, मॅडम. रक्तात आहे."

मोडलेल्या पायाला दडपण, आणि मोबाइलला रक्त. हे शास्त्र आरोपीचं घर बघून बदलतं. बंगल्यात ते मनाबद्दल बोलतं, कालव्याकाठी आजोबांबद्दल.

हे इतक्या तोऱ्यात लिहिते आहे, पण मी स्वतः काय केलं ते आता सांगते.

आमच्या घरी श्राद्धाला तीन पिढ्यांची नावं घेतात: वडील, आजोबा, पणजोबा. सगळीकडेच घेतात, पण आम्हा तंजावूरच्या मराठी लोकांत त्याला जास्तीची धार आहे. राज्य जाऊन कितीतरी पिढ्या झाल्या, तरी आमचा मूळपुरुष कोणत्या फौजेबरोबर इकडे आला हे आमच्यातला शाळकरी पोरगाही सांगतो. माणूस म्हणजे तीन पिढ्या, हे माझ्या डोक्यात लहानपणापासून पक्कं होतं. अहवालाच्या छापील नमुन्यात कुटुंबाच्या पूर्वपीठिकेला एकच ओळ होती. मला ती अपुरी वाटली. म्हणून मी स्वतःची प्रश्नावली तयार केली आणि तिच्यात आरोपीच्या तीन पिढ्या घातल्या: व्यवसाय, व्यसन, पोलिसांत नोंद. वरिष्ठ खूश झाले. माझी प्रश्नावली शेजारच्या तालुक्यांतही वापरायला दिली. मला त्याचा अभिमान होता, हे लपवत नाही.

त्या प्रश्नावलीत मुरुगेसन सापडला. ओरत्तनाडूजवळच्या एका खेड्यातला, सव्वीस वर्षांचा. पंपाच्या खोलीतून तांब्याची केबल चोरताना दोघांबरोबर पकडला गेला. पहिलाच गुन्हा, आणि कबूल केलेला. मी घरी गेले तेव्हा साडीच्या झोळीत महिन्या-दोन महिन्यांची मुलगी झोपली होती. मुरुगेसनची आई दारात शेंगा सोलत होती. मी यादी काढून एकेक प्रश्न विचारला. आरोपीच्या आजोबांची पोलिसांत नोंद होती का? म्हातारी म्हणाली, "होती." मी खूण केली आणि पुढच्या प्रश्नाकडे गेले.

चोरी का केलीस, हे मी मुरुगेसनला विचारलं नाही. ते मला माहीत होतं. त्यांची जात इंग्रजांनी जन्मानं गुन्हेगार ठरवलेल्या जातींपैकी होती. तिचं नाव इथे लिहीत नाही. एकदा लिहिलं तेवढं पुरे झालं. मला वाटलं, मी दयाळू बाजूला आहे. रक्तबिक्त मानणारी मी नव्हे. परिस्थितीनं माणूस घडतो, त्याच्या वाट्याला हेच आलं, मग तो दुसरं काय करणार? म्हणून मी लिहिलं: "कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या गुन्हेगारीची पार्श्वभूमी आहे. अशा वातावरणात वाढल्यामुळे आरोपीच्या हातून हा गुन्हा घडला. त्याला सुधारण्याची संधी द्यावी." न्यायाधीशांनी संधी दिली. मुरुगेसन दोन वर्षं दर महिन्याला हजेरीला येत राहिला, कधी चुकला नाही. मग त्यानं पंप दुरुस्तीचं काम धरलं. माझ्या यशस्वी प्रकरणांच्या यादीत त्याचं नाव वरच्या पाचांत होतं.

निवृत्तीनंतर एक दिवस तो माझ्या दारात आला. केस पिकलेले, हातात प्लॅस्टिकची पिशवी. बरोबर उंच, सडसडीत मुलगी. झोळीतली तीच. तिचं नाव कयल.

"बस, मुरुगेसन. मुलगी काय करते?"

"पोलीस भरतीत निवडली गेली, अम्मा. धावण्यात पहिल्या तिघींत होती. लेखी परीक्षेतही पास. नंतर ठाण्यातून चौकशी झाली, आणि हे आलं."

त्यानं पिशवीतून कागद काढला. कयलनं अर्ज करून मिळवलेली चौकशी अहवालाची प्रत होती. मी चष्मा लावला. "उमेदवाराच्या कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या गुन्हेगारीची पार्श्वभूमी आहे. परिवीक्षा अधिकाऱ्याच्या अहवालातही तसं नमूद आहे. निवड विचारात घेऊ नये."

"हे तुमचं वाक्य आहे ना?" कयलनं विचारलं. आवाज चढवला नव्हता. चढवला असता तर बरं झालं असतं.

"माझंच आहे."

"अप्पा म्हणतात, त्याच वाक्यामुळे ते सुटले."

"कयल, पुरे," मुरुगेसन म्हणाला. "अम्मांनी चांगल्यासाठी लिहिलं होतं."

"मला माहीत आहे, अप्पा. म्हणून तर ते कुणी खोडत नाही."

मी दुसऱ्या दिवशी ठाण्यात गेले. तिथल्या लेखनिकाला इथे सगळे रायटर म्हणतात. त्यानं मला खुर्ची दिली आणि लगेच सांगितलं, "आम्ही मनानं काही लिहिलेलं नाही, मॅडम. तुमच्याच अहवालात आहे."

"तो गोपनीय होता. फक्त कोर्टासाठी. तुमच्याकडे आला कसा?"

"फाइलीत होता."

"फाइलीत कसा आला?"

"मी बदलून इथे आलो तेव्हा होताच. मी कसा आलो हे कुणी विचारत नाही, त्याला कशाला विचारायचं?"

"आणि संधी द्यावी असं मी लिहिलं होतं, ते कुठे गेलं?"

"तेवढी जागा नसते, मॅडम."

मग मी कोर्टाच्या अभिलेख खोलीत गेले. तिथे कळलं की मुदत संपल्यामुळे जुनी प्रकरणं नियमानुसार नष्ट केली आहेत. म्हणजे माझा अहवाल गेला, न्यायाधीशांचा आदेश गेला, मुरुगेसनच्या चांगल्या वर्तनाचा शेरा गेला. राहिलं ते एकच वाक्य, जे ठाण्यात असायलाच नको होतं. हमीवर सुटलेल्या माणसाच्या आड तो गुन्हा पुढे येऊ नये, असं कायद्यातच लिहिलं आहे. इथे तर तो त्याच्या मुलीच्या आड आला होता.

तरी सगळ्यात मोठी गोष्ट मला अजून कळायची होती. दोन दिवसांनी मी मुरुगेसनच्या गावी गेले. रस्त्यावर साळ वाळत घातली होती, बस तिच्यावरूनच गेली. त्याची आई आता फार वाकली आहे. मी तिला एकच प्रश्न विचारला, आणि या वेळी यादी घरी ठेवली होती. तुमच्या सासऱ्यांनी काय गुन्हा केला होता?

"गुन्हा?" तिला प्रश्नच कळेना. "त्यांना रोज संध्याकाळी ठाण्यात जाऊन अंगठा द्यावा लागायचा. आमच्यातल्या सगळ्या पुरुषांना. दुसऱ्या गावी जायचं तर चिठ्ठी घ्यायची. एका संध्याकाळी सासूबाईंना कळा सुरू झाल्या, सुईण मिळेना, म्हणून ते गेले नाहीत. त्याबद्दल तुरुंगात टाकलं. सुटून आले तोवर पोर रांगत होतं. तेच पोर माझा नवरा."

"हे तेव्हा मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही नोंद होती का, एवढंच विचारलं, अम्मा. होती म्हणून होती म्हटलं. तुम्ही लिहीत होता. मध्ये कसं बोलायचं?"

देश स्वतंत्र झाला त्या सुमारास तो कायदा गेला. अंगठे घेणारे गेले, त्यांच्या वह्या वाळवीनं खाल्ल्या. आणि मी, नव्या कोऱ्या सरकारी नोकरीत, स्वतःच्या हुशारीनं एक जास्तीचा रकाना आखून त्या माणसाला परत हजेरीला उभं केलं. इंग्रजांना निदान त्याचं नाव माहीत होतं. मी अहवालात नुसतं 'आजोबा' लिहिलं होतं.

त्याच आठवड्यात वडिलांचं श्राद्ध होतं. जेवणं झाल्यावर मी अण्णाला, म्हणजे माझ्या मोठ्या भावाला, हे सगळं सांगितलं. तो डांगर पचडी वाटीत घेऊन झोपाळ्यावर बसला होता.

"तुला काय पडलंय गे त्यांत? निवृत्त झालीस, गप बस. चुकलं असं लिहून देशील तर तुझ्याच कामावर बोट येईल."

"येऊ दे."

"आणि खरं सांगू का? थोडं रक्तात असतंच. आपल्यात बघ, तीनशे वर्षं झाली, तलवारीची खुमखुमी गेली का कुणाची?"

"अण्णा, तू विमा कंपनीत होतास."

"मी आपलं सर्वसाधारण बोलतोय."

"बरं, सर्वसाधारणच बोलू. आपला मूळपुरुष फौजेबरोबर इथवर आला, तो वाटेत काय खात होता? लोकांच्या कोठारातलंच ना? त्याची नोंद कुठल्या ठाण्यात आहे सांग, म्हणजे तुझ्या नातवाच्या चौकशीत लावू."

वहिनी आतून म्हणाल्या, "अजून वाढू का हो?" अण्णा म्हणाला, नको, पोट भरलं.

मी भरती मंडळाला आणि जिल्ह्याच्या पोलीस कार्यालयाला पत्र लिहिलं. त्यात पाच मुद्दे होते. माझ्या अहवालातलं वाक्य चुकीचं आहे. ते तपासून लिहिलेलं नव्हतं. कयलच्या पणजोबांचा 'गुन्हा' म्हणजे हजेरी चुकणं, आणि हजेरी जातीमुळे होती. तिच्या वडिलांनी हमीचा काळ निष्कलंक पुरा केला. गोपनीय अहवाल ठाण्यात असणं बेकायदा आहे. दुसऱ्या मुद्द्यापुढे लेखन थांबलं, कारण 'अनवधानानं' असा शब्द हाताशी आला होता आणि तो खोटा होता. मी फार अवधान देऊन लिहिलं होतं. तो शब्द काढून टाकला. माझ्या जुन्या कार्यालयालाही लिहिलं, की माझी तीन पिढ्यांची प्रश्नावली रद्द करा. उत्तर आलं, प्रश्नावली उपयुक्त असल्यानं चालू ठेवण्यात येत आहे, आपल्या योगदानाबद्दल आभार. ते पत्र अजून माझ्या टेबलावर आहे. त्याला मी दर महिन्याला एक उत्तर पाठवते.

मंडळानं फेरचौकशी लावली. कयलच्या वडिलांच्या जुन्या प्रकरणाचा तपशील, कारणासह, नव्यानं घ्यावा, असंही त्यात होतं. चौकशीला हेड कॉन्स्टेबल येणार होते. त्यांना इथे एट्टय्या म्हणतात. मुरुगेसननं मला बोलावून घेतलं. एट्टय्या निवृत्तीला आलेले, शांत गृहस्थ होते. पंख्याखाली बसले, ताक प्याले आणि अर्ज मांडीवर घेतला.

"पणजोबांचं सोडून देऊ," ते कयलला म्हणाले. "जुनी गोष्ट. कोरं ठेवलं तर कुणी विचारणार नाही."

"नको, एट्टय्या. नाव लिहा. हजेरी का होती ते लिहा, आणि ती का चुकली तेही."

"पोरी, त्यानं तुझंच नुकसान व्हायचं. वाचणाऱ्याच्या डोळ्यांत नुसता तुरुंग हा शब्द भरतो."

"खोटं लिहिलं होतं तेव्हा नोकरी गेलीच होती. आता खरं लिहून बघू."

एट्टय्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या घरात माझं बोलून झालं होतं. त्यांनी लिहायला घेतलं. नाव विचारलं, तेव्हा आतून म्हातारीनं ते सांगितलं, पूर्ण, गावासकट.

"आता वडिलांचं. केबल चोरी. कारण?" त्यांनी मुरुगेसनकडे पाहिलं. "गरिबी लिहितो. गरिबी चालते."

"शेजारचा माझ्याहून गरीब होता. तो नाही गेला."

"मग संगत."

"संगतीला मीच गेलो होतो. ते बोलवायला आले नव्हते."

"अरे बाबा, मग लिहू काय? हा रकाना कोरा सोडता येत नाही."

मुरुगेसननं जरा विचार केला. "लिहा, केला. नंतर नाही केला."

"हे कारण आहे का?"

"माझ्याकडे एवढंच आहे, एट्टय्या."

मी इतकी वर्षं तो रकाना भरला होता, कधी रक्तानं, बहुतेक वेळा परिस्थितीनं, आणि कधीकधी मागे एक पान जोडून. एट्टय्यांनी पेन कागदावर टेकवलं आणि मुरुगेसन म्हणाला तसंच लिहिलं. कयलनं पूर्ण कागद वाचला आणि सही केली.

महिन्याभरानं तिला प्रशिक्षणाला हजर होण्याचं पत्र आलं. ते दाखवायला बापलेक माझ्याकडे आले. मी पत्र दोनदा वाचलं, मग विचारलं, "मुरुगेसन, त्या कारणाबद्दल वरून कुणी काही विचारलं का?"

"नाही, अम्मा," तो म्हणाला. "विचारायला ते वाचावं लागतं."